बर्फाची नोंदवही : गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राची वाटचाल

कासारवाडीच्या स्मरणिकेत गोव्याच्या संस्थेचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर पवनेच्या पाण्यात आहे. मावळात पवना धरणात साठलेला पाऊस रावेतच्या बंधाऱ्यावर उचलला जातो आणि शुद्ध होऊन आपल्या नळाला येतो. तीच नदी पिंपरी, कासारवाडी, पिंपळे गुरव असे वळसे घेत दापोडीजवळ मुळेला मिळते. पाऊस एकदम कोसळला आणि धरणाचे दरवाजे उघडावे लागले की ती काठच्या सखल वस्त्यांत शिरते. २०१९ च्या पावसाळ्यात नदीकाठची घरे पाण्यात होती. त्याच वर्षाच्या अखेरीस शहराचा पाणीपुरवठा दिवसाआड झाला. पुराला पाऊस कारण होता, तर दिवसाआड पाण्याला वाढलेली वस्ती आणि अपुरी पडणारी यंत्रणा. तरी दोन्हींचा भार एकाच नदीवर पडतो आणि ती नदी मान्सूनच्या भरवशावर वाहते.

मान्सूनवर कशाकशाचा परिणाम होतो, हे शोधणाऱ्या संस्था आपल्याकडे अनेक आहेत. पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था तर आपल्या घरचीच. पण या प्रश्नाचा धागा धरून थेट उत्तर ध्रुवाजवळ जाऊन बसलेली संस्था वास्को-द-गामाच्या हेडलँड सडा भागात, अरबी समुद्राच्या काठावर आहे : राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र. २५ मे १९९८ रोजी स्थापन झालेल्या या केंद्राने २०२३ मध्ये पंचवीस वर्षे पूर्ण केली. हवामान आणि पाणी यांचा विचार करणाऱ्या कोणत्याही मराठी स्मरणिकेत त्याची वाटचाल नोंदली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

मुरगावहून दक्षिणेकडे

संस्था १९९८ ची असली तरी तिची मुळे सतरा वर्षे मागे जातात. १९८१ मध्ये केंद्र सरकारने महासागर विकास विभाग सुरू केला. त्याच वर्षी ६ डिसेंबरला ‘पोलर सर्कल’ हे भाड्याने घेतलेले नॉर्वेजियन जहाज गोव्यातल्या मुरगावहून निघाले. डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची तुकडी होती. फारसा गाजावाजा न करता निघालेली ही माणसे ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. भारताची ती पहिली ध्रुवीय मोहीम.

पुढची पावले भराभर पडली. ऑगस्ट १९८३ मध्ये भारत अंटार्क्टिक करारात सामील झाला आणि सप्टेंबरमध्ये त्याला सल्लागार सदस्यत्व मिळाले. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हा पहिला तळ उभा राहिला. याच मोहिमेत दोन भारतीय स्त्रियांनी प्रथमच अंटार्क्टिकावर पाऊल ठेवले. भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत. डॉ. पंत या औंध संस्थानच्या पंत घराण्यातल्या. त्यांचा जन्म नागपूरचा, पदवीचे शिक्षण पुणे विद्यापीठाचे, संशोधन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. बर्फाळ समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती आणि अन्नसाखळीवर त्यांनी काम केले. ध्रुवीय संशोधनात मराठी माणसाचा वाटा सांगायचा तर सुरुवात त्यांच्यापासून करावी लागते. आपल्या शाळांत त्यांचे नाव अजून हवे तितके पोहोचलेले नाही, याची मला खंत वाटते.

‘दक्षिण गंगोत्री’ बर्फाच्या थरावरच बांधलेला होता. काही वर्षांतच तो बर्फात रुतत गेला. त्यावरून धडा घेऊन ‘मैत्री’ हा दुसरा तळ खडकाळ जमिनीवर उभारला आणि १९८९ पासून तो वापरात आला. तिसरा, ‘भारती’, २०१२ मध्ये सुरू झाला. एकीकडे दरवर्षी मोहिमा निघत होत्या, नमुने येत होते, माणसे जात-येत होती. पण आणलेला बर्फ कुठे ठेवायचा, नोंदी कुणी सांभाळायच्या, परतलेल्यांचा अनुभव नव्यांना कुणी द्यायचा, यासाठी कायमचे घर नव्हते. त्या गरजेतून ‘राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्र’ या नावाने ही संस्था जन्माला आली. डॉ. प्रेमचंद पांडे तिचे पहिले संचालक.

गोव्यातल्या दमट उकाड्यात या संस्थेची एक खोली आहे, तिथले तापमान उणे २० अंशांच्या आसपास राखलेले असते. तिथे अंटार्क्टिकातून पोखरून आणलेले बर्फाचे लांबट दंडगोल ओळीने ठेवलेले असतात. बर्फाचा एकेक थर म्हणजे एकेका काळी पडलेले हिम. त्यात त्या वेळची धूळ, ज्वालामुखीची राख, समुद्रावरून आलेले मीठ अडकलेले असते. शास्त्रज्ञ जाड कोट आणि हातमोजे घालून आत जातात, दंडगोल करवतीने उभा कापतात, बाहेरचा हाताळलेला भाग काढून टाकतात आणि आतला स्वच्छ भाग वितळवून तपासतात. वीज गेली आणि पर्यायी यंत्रणा चालली नाही, तर शेकडो वर्षांची नोंद पाणी होऊन वाहून जाईल. म्हणून तिथे संशोधकाइतकाच महत्त्वाचा असतो शीतयंत्रणेवर रात्रपाळी करणारा तंत्रज्ञ. संस्थेच्या इतिहासात अशा माणसांची नावे छापली जात नाहीत. पण संस्था चालते ती त्यांच्यावर.

उत्तरेकडे वळण

दक्षिणेत पाय रोवल्यावर उत्तरेचा विचार सुरू झाला. खरे तर उत्तरेशी आपला संबंध कागदोपत्री फार जुना. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये स्वालबार्ड करार झाला. नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या या द्वीपसमूहावर नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य करताना करारातल्या सर्व देशांच्या नागरिकांना तिथे समान हक्क दिले गेले आणि युद्धासाठी त्या भूमीचा वापर करायचा नाही असेही ठरले. ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारताचे नाव त्या करारात आले. महाराष्ट्रात तर आर्क्टिकचे नाव त्याही आधी, १९०३ मध्ये लोकमान्य टिळकांनी पुण्यातून प्रसिद्ध केलेल्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथामुळे सुशिक्षितांच्या तोंडी होते. तो सिद्धान्त आज विद्वान स्वीकारत नाहीत. पण ध्रुवावरची महिनोन्‌महिन्यांची रात्र आणि लांबलेली पहाट यांवर इथे तेव्हा गंभीरपणे चर्चा झाली होती, हे खरे.

प्रत्यक्षात पाऊल पडायला ऑगस्ट २००७ उजाडला. संस्थेचे तेव्हाचे संचालक डॉ. रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली पाच शास्त्रज्ञ स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुन इथे गेले. पुढच्याच वर्षी, १ जुलै २००८ रोजी, तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते ‘हिमाद्री’ या भारतीय तळाचे उद्घाटन झाले. २०१३ च्या मे महिन्यात स्वीडनमधल्या किरुना इथे भारताला आर्क्टिक परिषदेत निरीक्षकाचे स्थान मिळाले. चीन, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि इटली यांनाही त्याच बैठकीत ते मिळाले. २०१८ मध्ये संस्थेच्या नावातला ‘अंटार्क्टिक’ जाऊन ‘ध्रुवीय’ आला. १७ मार्च २०२२ रोजी भारताने आपले आर्क्टिक धोरण जाहीर केले. विज्ञान व संशोधन, हवामान व पर्यावरणाचे रक्षण, आर्थिक व मानवी विकास, दळणवळण, प्रशासन व आंतरराष्ट्रीय सहकार्य आणि देशांतर्गत क्षमताबांधणी या सहा स्तंभांवर ते उभे आहे. त्यात वैज्ञानिक कामाची धुरा याच संस्थेवर आहे.

खाणकामगारांचे गाव

न्यू-ऑलेसुन हे गाव उत्तर अक्षांशाच्या जवळजवळ ७९ अंशांवर आहे. तिथून ध्रुव सुमारे १,२०० किलोमीटर. आज तिथे दहा-एक देशांचे संशोधक राहतात. पण गाव मुळात कोळशाच्या खाणीसाठी वसले. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी खाणीत स्फोट होऊन २१ कामगार दगावले. त्याआधीही तिथे अपघात झाले होते. चौकशीत सुरक्षेकडे झालेले दुर्लक्ष समोर आले आणि १९६३ मध्ये नॉर्वेचे सरकार त्या प्रकरणावरून पडले. खाण कायमची बंद झाली. त्यानंतर गावाचा कायापालट होत ते संशोधनाचे केंद्र बनले. कारखान्यांच्या भोंग्यांवर दिवस आखलेल्या आपल्या पट्ट्यातल्या माणसाला हा इतिहास चटकन भिडेल. कामगारांच्या जिवाची किंमत सरकारला मोजावी लागली, हे त्या गावाच्या पायातच आहे.

खाणीच्या काळातला एक रिवाज तिथे अजून पाळतात : इमारतीत शिरताना बूट दारातच काढायचे. आपण आपल्या घरात वागतो तसेच. घरांना कुलपे लावत नाहीत. ध्रुवीय अस्वल मागे लागलेच तर कुणालाही जवळच्या दारातून आत शिरता यावे म्हणून. वस्तीच्या बाहेर पडायचे तर बंदूक चालवण्याचे प्रशिक्षण आणि सोबत बंदूक हवीच. तिथल्या भूमापन वेधशाळेतल्या रेडिओ दुर्बिणी फार क्षीण लहरी टिपतात, म्हणून गावात वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. उन्हाळ्यात गजबजलेले गाव हिवाळ्यात तीस-चाळीस माणसांवर येते.

‘हिमाद्री’ तिथली एक साधी इमारत आहे. राहण्याच्या खोल्या, काम करण्याची जागा, सामानाचे कोठार. भारतीय शास्त्रज्ञ तिथे राहून हिमनदीवर रोवलेल्या खुणांच्या काठ्या मोजतात आणि त्यावरून बर्फ किती वितळला ते ठरवतात. हवेतली काजळी आणि धूळ गाळून घेतात, बर्फातले आणि पाण्यातले सूक्ष्मजीव तपासतात. २०१६ पासून गावाशेजारच्या ग्रुवेबाडेत इथे हवेचा अभ्यास करणारी स्वतंत्र भारतीय प्रयोगशाळाही सुरू झाली. त्याच वर्षी स्पितीत सुमारे ४,००० मीटर उंचीवर ‘हिमांश’ हा हिमालयातला तळ उभा राहिला. दोन ध्रुव आणि हिमालय असे तिन्ही बर्फाळ प्रदेश एकाच संस्थेच्या नजरेखाली आले.

पाण्यात उभी केलेली यंत्रे

संस्थेच्या आर्क्टिकमधल्या कामाचा मानबिंदू म्हणजे ‘इंडआर्क’. २३ जुलै २०१४ रोजी नॉर्वेच्या ‘लान्स’ या संशोधन जहाजावरून न्यू-ऑलेसुनच्या समोरच्या कोंग्सफ्योर्ड या खाडीत ही यंत्रणा सोडली गेली. खोली १९२ मीटर. गोव्याची ही संस्था, चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था आणि हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र या तिघांनी मिळून ती उभी केली.

रचना सांगायला सोपी, टिकवायला अवघड. खाली जड नांगर, वर तरंगणारे फुगे, मध्ये ताणलेला दोर. दोरावर वेगवेगळ्या खोलीवर यंत्रे बांधलेली. कुणी पाण्याचे तापमान आणि क्षारता मोजते, कुणी प्रवाहाची दिशा आणि वेग, कुणी विरघळलेला प्राणवायू, कुणी नायट्रेट. वर बर्फ असो वा नसो, सूर्य असो वा नसो, यंत्रे ठरलेल्या वेळी रीडिंग घेत राहतात. साधारण वर्षाने जहाज वर येऊन उभे राहते आणि पाण्यातून ध्वनीचा संकेत पाठवते. त्यासरशी नांगराजवळची पकड सुटते, दोर फुग्यांसकट वर येतो, यंत्रे डेकवर घेतली जातात, नोंदी उतरवल्या जातात, बॅटऱ्या बदलल्या जातात आणि यंत्रणा पुन्हा पाण्यात जाते.

भोसरीच्या कारखान्यांत तपासणी विभागात आयुष्य काढलेल्या मला या कामातले मर्म लगेच कळले. मायक्रोमीटर झीरोला नसेल तर दिवसभराचे सगळे जॉब संशयात येतात. म्हणून पाळी सुरू होताना आणि संपताना गेज मास्टरला लावून पाहायचेच. इंडआर्कची यंत्रेही तशीच पाण्यात सोडण्याआधी आणि बाहेर काढल्यावर पडताळली जातात. खारे पाणी, शेवाळ आणि थंडी यांनी रीडिंग किती सरकले याचा हिशेब केल्याशिवाय आकडे वापरता येत नाहीत. तापमानातल्या अंशाच्या दहाव्या भागावरून निष्कर्ष काढायचे असतात, तिथे ढिलाई चालत नाही.

या नोंदींनी काय सांगितले? कोंग्सफ्योर्डमध्ये अटलांटिक महासागराचे उबदार पाणी वाढत्या प्रमाणात शिरते आहे, हिवाळ्यातही. पूर्वी खाडीचा आतला भाग हिवाळ्यात गोठत असे. अलीकडच्या वर्षांत बर्फाचे आवरण कमी आणि अनियमित झाले. आर्क्टिकमध्ये बर्फ गेला की उष्णता आणखी वाढते, कारण बर्फावरचे ताजे हिम सूर्यप्रकाशाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग परत पाठवते, तर उघडा समुद्र नव्वद टक्क्यांहून अधिक शोषून घेतो. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला, असे २०२२ च्या एका अभ्यासाने दाखवले. सप्टेंबर २०१२ मध्ये तिथल्या समुद्री बर्फाचे क्षेत्र सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आले. उपग्रहांच्या नोंदींतला तो नीचांक.

बर्फापासून पावसापर्यंत

दूरच्या बर्फावरून आपल्या पावसाचा अंदाज बांधण्याची कल्पना नवी नाही. हवामानशास्त्रज्ञ हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी १८८४ मध्ये हिमालयातले हिम आणि मान्सून यांचा संबंध मांडला आणि त्या आधारावर १८८६ पासून अधिकृत अंदाज सुरू झाले. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरचे ‘सिमला ऑफिस’ ती आठवण जपते आहे. मूळचे पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये सोळा घटकांवर आधारलेले अंदाजाचे प्रारूप आले, त्यातही हिमालय आणि युरेशियातल्या हिमाच्छादनाला जागा होती. म्हणजे पावसाचे गणित मांडताना पुणे नेहमीच उत्तरेच्या बर्फाकडे पाहत आले आहे.

गोव्याच्या संस्थेने ही नजर आणखी उत्तरेला नेली. २०२१ मध्ये तिच्या शास्त्रज्ञांनी नॉर्वेच्या सहकाऱ्यांसह एक अभ्यास प्रसिद्ध केला. रशियाच्या उत्तरेच्या कारा समुद्रात उन्हाळी बर्फ घटतो, तेव्हा वातावरणात उंचावर एक तरंग तयार होतो, वायव्य युरोपवर जास्त दाबाचा पट्टा बसतो आणि तो तरंग आशियाकडे सरकतो. अरबी समुद्र तापलेला असेल तर त्याची जोड मिळून सप्टेंबरमध्ये मध्य भारतात अतिवृष्टीची शक्यता वाढते, असा त्याचा आशय. शास्त्रज्ञांनी या संबंधाला ‘संभाव्य’ म्हटले आहे आणि ती सावधगिरी योग्यच आहे. त्याच्या जोडीला पाषाणच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा २०१७ चा अभ्यास ठेवला पाहिजे. मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या, असे त्यांनी दाखवले. ज्या महिन्यात धरणे काठोकाठ भरलेली असतात, त्याच महिन्यात अतिवृष्टी झाली तर पवनेसारख्या नदीकाठी काय होते हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

सुरक्षेचा अर्थ

आर्क्टिकची चर्चा निघाली की वर्तमानपत्रे पाणबुड्या, तेल आणि नव्या जलमार्गांबद्दल लिहितात. तो भागही खरा. बर्फ हटला तसा रशियाच्या किनाऱ्यालगतचा उत्तरी सागरी मार्ग उन्हाळ्यात खुला होऊ लागला आणि पूर्व आशिया ते उत्तर युरोप हे अंतर सुएझच्या तुलनेत बरेच कमी झाले. भारतातून युरोपला जायला मात्र सुएझच जवळ. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि चाकण-भोसरीचा माल आफ्रिकेला वळसा घालून पाठवायची वेळ आली, तेव्हा एक अरुंद समुद्रमार्ग अडला तर इथल्या कारखान्याचे वेळापत्रक कसे कोलमडते ते आपण पाहिले. जगाचा व्यापार उत्तरेकडे सरकू लागला तर त्याचे नियम कोण ठरवणार, हा म्हणूनच आपलाही प्रश्न आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि पुढच्याच महिन्यात बाकीच्या सात सदस्य देशांनी आर्क्टिक परिषदेच्या बैठकांतून अंग काढून घेतले. २०२३ मध्ये फिनलंड आणि २०२४ मध्ये स्वीडन ‘नाटो’त गेले. आर्क्टिकमधल्या आठपैकी सात देश आता एका लष्करी आघाडीत आहेत आणि आठवा समोर. याची झळ सर्वात आधी विज्ञानाला बसली. आर्क्टिकचा जवळजवळ निम्मा भूभाग रशियाचा. तिथली केंद्रे बाकीच्या जगाशी माहिती वाटून घेईनाशी झाली की संपूर्ण आर्क्टिकबद्दलचे चित्रच एकांगी होते, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. अशा वेळी कोणाच्याही भांडणात नसलेल्या भारताच्या अखंड नोंदींचे मोल वाढते.

आणि सुरक्षा म्हणजे केवळ सीमा नव्हे. डिसेंबर २०१५ मध्ये स्वालबार्डच्या लाँगइयरब्येन गावात घरांवर हिमकडा कोसळला, दोघांचा जीव गेला. त्यानंतर तिथल्या प्रशासनाने धोक्यातली घरे हलवली, डोंगरावर अडथळे उभारले आणि इशाऱ्याची व्यवस्था लावली. आपल्याच पुणे जिल्ह्यात ३० जुलै २०१४ च्या पहाटे माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेहून अधिक माणसे गेली. २०२३ मध्ये रायगडात इर्शाळवाडी. तिथे हिम, इथे चिखल. पण दोन्हीकडे जीव वाचवतो तो आधी मोजलेला पाऊस, आधी ओळखलेला उतार आणि वेळेवर दिलेला इशारा.

स्वालबार्डमध्येच जगाच्या बियाण्यांचे भूमिगत कोठार आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या या कोठारात हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’नेही ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग यांची बियाणी ठेवली आहेत. आपल्या भाकरीचे बी तिथल्या गोठलेल्या डोंगराच्या पोटात आहे. सिरियातल्या युद्धामुळे २०१५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय संस्थेला तिथून बियाणी परत काढावी लागली. २०१६ मध्ये अवेळी पाऊस आणि वितळ यांमुळे त्याच्या बोगद्यात पाणी शिरले. बियाणी सुरक्षित राहिली, पण बोगदा नव्याने बांधावा लागला. कायमचे गोठलेले म्हणून निवडलेल्या जागीही काही गृहीत धरून चालत नाही, हा त्यातला बोध.

अंधारातली मोहीम

सुरुवातीची पंधरा वर्षे ‘हिमाद्री’ मुख्यतः उन्हाळ्यात चालत असे. हिवाळ्यात काय होते, हे फक्त यंत्रांना माहीत होते. १८ डिसेंबर २०२३ रोजी पहिली हिवाळी मोहीम रवाना झाली. पहिल्या तुकडीत गोव्याच्या यजमान संस्थेबरोबर मंडीची आयआयटी, बंगळूरची रामन संशोधन संस्था आणि पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था यांचे संशोधक होते. तेव्हापासून ‘हिमाद्री’ वर्षभर चालवण्याची तयारी झाली. सूर्य नसतानाच्या हवेचा, ढगांचा आणि कणांचा अभ्यास हा या मोहिमेचा गाभा. संस्थेच्या इतिहासात हा टप्पा मी ‘इंडआर्क’इतकाच मोठा मानतो, कारण अर्ध्या वर्षाच्या नोंदींवरून पूर्ण वर्षाचा निष्कर्ष काढता येत नाही.

पुढची पंचवीस वर्षे

संस्थेपुढची कामे स्पष्ट आहेत. ध्रुवीय समुद्रात जाण्यासाठी अजूनही जहाजे भाड्याने घ्यावी लागतात किंवा सहकारी देशांच्या जहाजांवर जागा मागावी लागते. जून २०२५ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच जहाजबांधणी कारखान्याने नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीशी भारताच्या पहिल्या ध्रुवीय संशोधन जहाजासाठी सामंजस्य करार केला. ते जहाज लवकर पाण्यात उतरावे. दुसरी गोष्ट नोंदींच्या सातत्याची. एक वर्ष निधी आखडला, एक मोहीम टळली, तर तुटलेली मालिका नंतर कितीही पैसे ओतून जोडता येत नाही. गेल्या वर्षीचे पाणी आज मोजता येत नाही.

तिसरे काम आपले आहे. कासारवाडी ते चाकण या पट्ट्यात वाफ, दाब, तापमान आणि प्रवाह मोजणारी उपकरणे पिढ्यान्‌पिढ्या बनत आली. वीस मायक्रॉनची टॉलरन्स इथल्या टर्नरच्या बोटांत आहे. खोल समुद्रातली संवेदक यंत्रे मात्र आजही बरीचशी परदेशातून येतात. दाबाखाली न गळणारे कवच, उणे तापमानात न अडकणारी पकड, वर्षभर न गंजणारा जोड ही कामे आपल्या वर्कशॉपना परकी नाहीत. इथल्या उद्योजकांच्या संघटनांनी, तंत्रनिकेतनांनी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी गोव्याच्या आणि पाषाणच्या संस्थांशी बोलून कोणते भाग लागतात ते विचारावे. महापालिकेच्या शाळांनी पवनेच्या पुलावर पाण्याची पातळी आणि गच्चीवर पाऊस रोज मोजून लिहायला मुलांना शिकवावे. रोज, एकाच वेळी, न चुकता. अशा मुलांतूनच पुढे हिमाद्रीच्या हिवाळ्यात बसणारा कोणी निघेल.

राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या आजी-माजी संचालकांना, शास्त्रज्ञांना, जहाजावरच्या खलाशांना आणि शीतगृहात रात्रपाळी करणाऱ्या तंत्रज्ञांना कासारवाडीकरांतर्फे कृतज्ञतेचा नमस्कार. तुमच्या नोंदींवर उद्याच्या पुराचा इशारा अवलंबून आहे. ती नोंदवही अखंड राहील, यासाठी सरकारकडे आग्रह धरणे ही आमची जबाबदारी आहे आणि ती आम्ही घेत आहोत.